बाईच्या गावाला सायकलनं

२०२४ ची संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पहाटे पावणेपाचला मी गोठ्यातून सायकल बाहेर काढली तर म्हैस उठून उभी राहिली. तिला वाटलं धारेची वेळ झाली. मी कुठे चाललो ते घरात फक्त मंडळीला माहीत होतं. पोराला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं मोटारसायकल काढली असती, ‘चला, सोडून देतो’ म्हणाला असता, आणि वाटेत केव्हातरी विचारलंच असतं की बाबा, आत्याकडे आज काय काम काढलं? मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोललो असतो तर गाडी तिथूनच मागं फिरली असती.

पिशवीत तीन भाकरी, ठेचा, गुळाचा खडा, पाण्याच्या दोन बाटल्या, हवा भरायचा पंप. आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पाकीट. ते पिशवीत नाही ठेवलं, बनियनच्या चोरखिशात ठेवलं.

आमचं गाव हिंगणा तालुक्यात. बाईचं गाव देवळीच्या पुढं पाच किलोमीटर आत. मधे केळझर, सेलू, पवनार, वर्धा. जवळपास ऐंशी किलोमीटर होतात. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो.

ह्या वयात एवढ्या लांब सायकलनं कायले, असं वाचणाऱ्याला वाटेल. एक तर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा नाहीतर सायकल चालवा. म्हणून वर्षभरापासून जुनी ॲटलस दुरुस्त करून वावरात जाणं-येणं तिच्यावरच करत होतो. चेन नवी टाकली, ब्रेकचे रबर बदलले, दोन्ही चाकांत नवे छर्रे आणि ग्रीस. दुसरं म्हणजे आमच्या फाट्यावरच्या टपरीवर रविवारी सकाळी नागपूरचे सायकलवाले चहाला थांबतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टोप, आणि सायकल अशी हलकी की एका हातानं उचलावी. एकदा त्यातल्या एकाला विचारलं, सायेब, कुठपर्यंत जाता? तो म्हणाला, काका, आमची दोनशे किलोमीटरची फेरी असते, साडेतेरा तासांत पुरी करायची. मग त्यानंच आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं सांगितलं. २०१७ साली त्यांनी अमेरिका ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाच हजार किलोमीटरच्या आसपास, बारा दिवसांच्या आत एकट्यानं सायकलनं पार केली. मी पाहतच राहिलो. घरी येऊन हिशेब केला. दोनशेला साडेतेरा तास, तर ऐंशीला मला दहा-बारा तास लागले तरी लाजायचं काही कारण नाही.

पण खरं कारण तिसरंच आहे. एसटीनं गेलो असतो तर दुपारच्या आत पोचलो असतो. बाईला काय सांगायचं ते ठरवायला मला तेवढा वेळ पुरला नसता.

गावाच्या बाहेर निघालं की पहिल्याच किलोमीटरवर समृद्धी महामार्गाखालचा बोगदा लागतो. अंधारात त्याच्यात शिरलो तर माझ्याच चेनचा आवाज मला दुप्पट ऐकू आला. वरून ट्रक गेला. हा रस्ता जिथून जातो तिथं आमचं दोन एकर वावर होतं, विहिरीच्या अंगाचं, काळं. २०१७ मध्ये जमिनी घेणं सुरू झालं. मोबदला मिळाला आणि चांगला मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अठ्ठेचाळीस लाख. आमच्या पिढ्यांनी मिळून कधी पाहिले नव्हते एवढे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला. त्याच्यावर मोटारसायकल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, मग सायकल तर सोडूनच द्या. आम्ही खालून जातो.

त्या अठ्ठेचाळीसातून घर झालं, ट्रॅक्टर आला, दोन्ही पोरांच्या नावानं पैसे पडले, नातीच्या शिक्षणाचे वेगळे काढले. बाईला काही नाही. आणि कोणी नाव ठेवायलाही जागा नव्हती. कारण १९९९ ला बाबा वारले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं चढली, माझं आणि बाईचं. आई आधीच गेली होती. पुढच्या वर्षी मी बाईकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. सगळेच घेतात. भाऊ गाडी करून बहिणीला आणतो, रजिस्ट्री कचेरीत नेतो, सही होते, मग हॉटेलात जेवण आणि साडीचोळी. बाईला मी हिरवी साडी घेतली होती. बाबूनं आणली म्हणून तिनं ती तिथंच खांद्यावर टाकून पाहिली. कागद वाचला नाही. मी ‘इथं कर’ म्हटलं, तिनं केली. आमच्या गावात एकच बाई अशी निघाली जिनं सही दिली नाही. तिचं माहेर तुटलं, आणि आम्ही सगळे तिलाच नावं ठेवत होतो.

कान्होलीबाऱ्याच्या पुढं उजाडलं. थंडी अशी होती की हँडलवरची बोटं उलगडेनात. दोन्ही बाजूला तूर कापणीला आलेली, कुठं सोंगून ढीग मारलेले. पऱ्हाटीत शेवटची बोंडं लटकत होती आणि हरभरा घाट्यावर होता. सायकलवरून वावर दिसते तसं गाडीवरून दिसत नाही. कोणाच्या धुऱ्यावर पळस ठेवला, कोणी तोडला, कोणाच्या चण्यात मर आली, कोणाचा बोअर आटला, सगळं कळते. एका वावरात म्हातारा एकटाच तुरीचे पेंढे बांधत होता. मला पाहून त्यानं हात वर केला. मोटारसायकलवाल्याला कोणी हात करत नाही. एवढ्या वर्षांत मी ही गोष्ट विसरूनच गेलो होतो.

केळझरच्या अलीकडे चढ लागला तसा उतरून सायकल हातात धरली. इथं जुने लोक सांगतात की ही महाभारतातली एकचक्रा नगरी, बकासुराची. गाडाभर अन्न आणि एक माणूस, रोज एका घरचा, असा त्याचा रतीब होता. लहानपणी बाबांनी ही गोष्ट सांगितली की बाई विचारायची, ‘त्या घरात पोरगी असली तर कोणाले पाठवत असतील?’ बाबा हसायचे. वर डोंगरावर गणपतीचं देऊळ आहे, तिथं गेलो नाही. खालूनच हात जोडले आणि गुळ-पाणी घेतलं.

चढावर सायकल ढकलताना मला सायकल शिकल्याचं आठवत राहिलं. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची नऊ किलोमीटरवर. बाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. १९७१ साली बाबांनी दुधासाठी एक जुनी सायकल घेतली. दुपारी ती रिकामी असली की बाई खळ्यात न्यायची. पाय पुरत नव्हते, म्हणून दांडीच्या खालून पाय घालून कैची मारायची. परकर कमरेला खोचलेला, दोन वेण्या उडत. आठ दिवसांत तिला यायला लागली. मग तिनं मला शिकवलं. मागून कॅरियर धरून पळायची आणि सांगायची, ‘चाकाकडे पाहू नको, दूर पाह्य.’ एक दिवस मी बरंच लांब गेलो आणि बोललो तर मागून उत्तर आलं नाही. तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्याच वर्षी ती सातवी पास झाली. दुधाचा महिन्याचा हिशेब ती तोंडी करायची, बाबांची वही नंतर जुळायची. गुरुजी घरी आले आणि म्हणाले, पोरीला पुढं शिकवा. बाबा म्हणाले, ‘नऊ किलोमीटर जाईल कशी? पोरगी सायकलवर शाळेत गेली तर लोक काय म्हनतील?’ ती घरी बसली, निंदायला जायला लागली. दोन वर्षांनी मी सातवी पास झालो. तेव्हा बाबांनी दुधाचे कॅन खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत पायी जाणं सुरू केलं आणि सायकल मला दिली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच आली होती. १९७६ ला मी दहावी पास झालो, काठावर. त्याच उन्हाळ्यात बाईचं लग्न झालं. लोक मला आजही म्हणतात की तुम्ही त्या काळी दहावी शिकले. आणि मी ऐकून घेतो.

सेलूच्या जवळ चौपदरी रस्त्याच्या कडेनं चाललो होतो तर मागचं चाक बसलं. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या बारीक तारा कडेला पसरलेल्या असतात, तीच एक घुसली. दीड किलोमीटर ढकलत एका पंक्चरच्या दुकानी गेलो. तिथला पोरगा म्हणाला, ‘बाबाजी, सायकलचं नाही होत इथं. आता सगळं ट्यूबलेस आहे.’ त्याला ट्यूब बाहेर काढायचंच माहीत नव्हतं. मग आतून त्याचा आजा आला. त्यानं पान्यानं टायर उचललं, ट्यूब काढून हवा भरली, पाण्याच्या टोपल्यात बुडवून फिरवली. बुडबुडे निघाले तिथं अंगठा ठेवला. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, ठिगळ बसवलं आणि हातोडीनं हळू ठोकलं. मग टायरच्या आतून चारी बाजूनं बोट फिरवून ती तार शोधून काढली. ‘हे पाह्यल्याशिवाय कामाले काही अर्थ नाही,’ पोराला म्हणाला, ‘नाही तं पुन्हा तिथंच पंक्चर.’ पैसे विचारले तर म्हणाला, दहा द्या. मी वीस दिले. कुठं चालले विचारलं. बहिणीकडे म्हटलं. ‘काही बरंवाईट?’ नाही, असंच. त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं, पण पुढं विचारलं नाही.

सेलूच्या भागात आधी केळीच्या बागा रस्त्यावरून दिसायच्या, आता कपाशी आणि सोयाबीन. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. एकही बंडी नव्हती, सगळे छोटे हत्ती. तिथं एका हॉटेलात तर्रीपोहे खाल्ले. साखरवाल्यानं खाऊ नये ते सगळं त्या दिवशी खाल्लं.

पवनारला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मांड्या भरून आल्या होत्या, आणि बसायच्या जागेचं तर सांगत नाही. धाम नदीच्या काठी सायकल लावली, पाण्यात पाय सोडले. ह्याच रस्त्यानं मी भाऊबीजेला कितीदा सायकलनं आलो होतो, तेव्हा पाय दुखल्याचं आठवत नाही. १९८२ ची भाऊबीज मात्र पक्की लक्षात आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, विनोबा गेले. अन्न-पाणी-औषध त्यांनी आधीच सोडलं होतं. मी दोन-तीन दिवसांनी इथून गेलो तरी माणसांची ये-जा थांबलेली नव्हती. बाईला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, ‘त्यांच्या आश्रमात म्हणे बायाच सगळं पाह्यतात.’ तसंच आहे. ब्रह्मविद्या मंदिर त्यांनी १९५९ मध्ये बहिणींसाठीच काढलं, आणि शेती, सफाई, छपाई, सगळं तिथल्या बहिणी करायच्या.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला विनोबा म्हटलं की भूदानच आठवते. १९५१ पासून तो माणूस गावोगाव पायी हिंडला. म्हणायचा, घरात पाच पोरं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. लोकांनी दिलेही. कोणी चांगली जमीन दिली, कोणी बरड दिली, पण दिली. पाण्यात पाय ठेवून बसल्या बसल्या मला वाटलं की बाहेरच्या माणसाला सहावा पोरगा मोजायला लोक तयार झाले, आणि आमच्या घरात दोनच लेकरं होती तर मी एकावरच मोजणं थांबवलं.

त्यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे. ती ह्या लेखात टाकू की नको असं दोनदा झालं. २०१८ मध्ये भाटव्यांची तब्येत बिघडली, मूत्रपिंडाचं काम निघालं. बाईचा फोन आला. तिनं मागितलं काहीच नाही, फक्त सांगितलं. मी वीस हजार घेऊन गेलो. तेव्हा अठ्ठेचाळीस लाख माझ्या खात्यात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. वीस हजार तिच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, ‘परत कराची घाई करू नको.’ ती म्हणाली, ‘नाही रे बाबू, देईन.’ आणि दिले. दीड वर्षात, कापूस विकून, तीन हप्त्यांत. मी घेतले. २०२० मध्ये भाटवे वारले.

वर्ध्यात शिरून गोरस भांडारातून गोरसपाक घेतला. बाईला आवडतो आणि माहेरचा माणूस रिकाम्या हातानं जात नाही. बाहेर झाडाखाली भाकरी खाल्ली. एकदा मनात आलं की इथून सायकल एसटीवर टाकावी. बसस्टँडच्या दारापर्यंत गेलोही. मग पाय खाली टेकले, जरा उभा राहिलो आणि देवळीचा रस्ता धरला.

देवळीपर्यंतचे ते सतरा-अठरा किलोमीटर काही सांगण्यासारखे नाहीत. ऊन, ट्रक आणि गुडघा. दर चार किलोमीटरला उतरायचं, गुडघा चोळायचा, पुन्हा बसायचं. ठरवलेलं सगळं भाषण डोक्यातून निघून गेलं.

साडेचार वाजता बाईच्या अंगणात पोचलो. ती तूर झोडपत होती. सहासष्ट वर्षांची, डोक्याला फडकं बांधलेलं. आधी तिनं सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘कायले आला रे सायकलनं? एसटी बंद आहे का?’

‘नाही. असाच आलो.’

‘घरी सगळे बरे हायेत न?’

‘बरे आहेत.’

तिनं पाणी दिलं, खाट टाकली आणि गरम पाण्याची बादली पायाशी आणून ठेवली. चहा झाला. तिचा पोरगा पुण्याला कंपनीत असतो, घरी ती एकटीच. तीन एकर वाहते. मी पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं चष्मा लावला, चेक वाचला. सहा लाख. माझ्या नावाची एक ठेव तेवढी उरली होती, ती मोडून आणली होती.

‘हे कायचे?’

‘रस्त्यात वावर गेलं त्याचे. तुझा वाटा.’

ती काही वेळ बोलली नाही. मला वाटलं आता रडेल, किंवा म्हणेल की राहू दे बाबू, मले काय कराचे, मले माहेर पाहिजे. खरं सांगतो, तसं म्हणेल असं मला वाटत होतं, आणि आतून कुठंतरी तसं म्हणावं असंही वाटत होतं.

‘एकंदर किती आले होते?’

‘अठ्ठेचाळीस.’

‘अर्धे म्हणजे चोवीस,’ ती म्हणाली. ‘सहा आणले. अठरा राह्यले.’

‘बाई, तुझी सही...’

‘सही मी केली, ते मले माहीत आहे. तू आज कायले आला ते सांग. हक्काचे आणले का दान आणलं?’

मी म्हणालो, हक्काचे.

‘मंग हिशेब पुरा सांगन न.’

तिनं गोरसपाकाचा पुडा फोडला, दोन मला दिले, एक स्वतः घेतलं. चेक चष्म्याच्या घरात घालून ठेवला. मग उठून गंजभर वरण आणि वांग्याची भाजी केली. जेवताना तुरीच्या भावाचं बोललो. भाटव्यांचं बोललो. वीस हजाराचं ती बोलली नाही, मीच काढलं. ती म्हणाली, ‘ते तं मी देऊन टाकले,’ आणि माझ्या ताटात भात वाढला.

सकाळी उठलो तर ती अंगणात सायकलजवळ उभी होती. हँडल धरून ब्रेक दाबून पाहत होती. ‘घंटी नाही याले?’ म्हणाली. मग आतून एक वही आणली, शाळेच्या पोराची दोनरेघी. पहिल्या पानावर तारीख टाकली होती, खाली ठळक अक्षरात एकंदर, अर्धे, मिळाले, बाकी. बाकीसमोर अठरा लाख. खाली माझं पूर्ण नाव आणि सहीला जागा सोडलेली. अक्षर तिचं अजूनही सातवीतलंच, गोल.

‘वाचून कर,’ म्हणाली. ‘मी नव्हतं वाचलं.’

मी वाचलं. मग सही केली. तिनं पेन परत घेतला, टोपण लावलं.

परत येताना वारा समोरून होता. सेलूला मुक्काम करावा लागला, घरी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. पोराला त्याच रात्री सांगितलं. तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही, आता कामापुरतं बोलतो. मागच्या साली ट्रॅक्टर विकला. त्याचे आणि तुरीचे मिळून पाच लाख बाईला पोचते केले, सायकलनंच. वहीत तिनं ते उतरवलं आणि पुन्हा सही घेतली. तेरा राहिले आहेत. ह्या वेळी जाताना सायकलला घंटी बसवून नेली होती. तिनं दोनदा वाजवून पाहिली.